पेरणी आज की उद्या?

एका एकरात किती गुंठे असतात? दर वर्षी पहिल्या तासाला मी हा प्रश्न फळ्यावर लिहिते. लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणात खुल्या निवडीचे विषय आले, तेव्हा ‘शेतीची ओळख’ हा विषय मी मागून घेतला. वर्गात कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांची मुलं-मुली बसतात. त्यांतली बहुतेक शेतकऱ्यांची लेकरं. तरीही उत्तर कुणी शंभर देतं, कुणी वीस, कुणी मोबाइल काढतं. मग टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन आम्ही मैदानावर जातो. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा चौकोन आखतो. हा एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर आणि जवळपास अडीच एकर म्हणजे हेक्टर. चौकोनात उभी राहिलेली मुलं स्वतःच बोलू लागतात, “मॅडम, आमच्या घराची जागा म्हणजे एवढीच की!” घरातल्या जमिनीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तिचा आकार डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतो तो असा.

या मुलांना शेती का माहीत नाही, हे कळायला लातूरमध्ये राहावं लागतं. इथं आईबाप पोटाला चिमटा घेऊन लेकराला शहरात खोली करून देतात. दहावीपासून शिकवण्या, परीक्षा आणि गुण. सुट्टीत मूल गावी आलं तरी बाप म्हणतो, “तू रानात येऊ नको, अभ्यास कर.” त्या बापाला मी दोष देणार नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली. तेवढ्यावर दोन भावांचे संसार चालत नाहीत, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण हीच मुलं उद्या बँकेत पीककर्ज मंजूर करणार, तहसील कचेरीत पंचनामे लिहिणार, बातम्या देणार, विमा कंपनीत दावे तपासणार, स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी होणार. शेतीवर परिणाम करणारे निम्मे निर्णय बांधाच्या बाहेर होतात. ते घेणाऱ्याला वाफसा म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर त्याची किंमत बांधाच्या आतला माणूस मोजतो. म्हणून मला हा विषय शिकवायचा होता.

शेतीची मूलतत्त्वं म्हणून काय शिकवावं, यावर पुस्तकांत याद्या असतात: जमिनीचे प्रकार, पिकांचं वर्गीकरण, अवजारं, खतं. त्या पाठ करून गुण मिळतात. माझ्या मते शेती ही तारखेला बांधलेल्या निर्णयांची साखळी आहे. पेरणी आज की उद्या? फवारणी करायची की थांबायचं? माल आज विकायचा की वाळवून ठेवायचा? असा एक निर्णय समजून घेण्यासाठी जे जे लागतं, ते शेतीचं मूलभूत ज्ञान. आमच्या वसतिगृहामागे दहा गुंठ्यांचा तुकडा आहे, तिथं आम्ही सोयाबीन घेतो. हे पीक साधारण शंभर दिवसांत येतं, त्यामुळे पेरणीपासून राशीपर्यंत सगळं एका सत्रात मुलांच्या डोळ्यांपुढं घडतं. शेजारच्या रानाचे मालक रोज बांधावर येतात. सगळी मुलं त्यांना मामा म्हणतात, आणि त्यांच्यामुळे या विषयाला माझ्याखेरीज आणखी एक शिक्षक मिळाला आहे.

पहिलं काम मातीचा नमुना काढण्याचं. फावड्याने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खरवडायची. नागमोडी चालत अशा ठिकठिकाणच्या मातीचा ढीग करायचा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहायचं. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घ्यायची नाही. मुलांना सुरुवातीला हा सोपस्कार वाटतो. मग मी गणित घालते. एक एकर रानातल्या वरच्या सहा इंच थराचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं. त्याचा निकाल आपण अर्ध्या किलोवरून लावणार आहोत! त्यानंतर माती कुठून घ्यायची, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

२०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली आणि बारा घटकांची तपासणी एका कागदावर येऊ लागली: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. मुलांच्या घरी ही पत्रिका अनेकदा असते, ट्रंकेत. ती वर्गात आणायला सांगते. आमच्या भागात सामू बहुतेक आठच्या आसपास, चुनखडी भरपूर आणि कर्बाचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली. या एका ओळीत मराठवाड्याच्या शेतीची किती दुखणी आहेत, ते पुढे पिकाची पानं पिवळी पडली की कळतं.

आमची माती काळी. लाव्हारसाच्या थरांतून तयार झालेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती बनली. तिच्यातले चिकणमातीचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे थरांचे असतात. थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पायाला किलो किलोने चिकटते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी साठतं. रब्बीची ज्वारी पाऊस संपल्यावर पेरली तरी दाणा भरते, ती या साठ्यावर. मुरमाड माळरानावर तीच ज्वारी करपते. एकाच गावात, एकाच पावसावर एकाचं पीक येतं आणि दुसऱ्याचं जातं, हे पंचनामा लिहिणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

मग पाऊस. तो मोजायला आम्ही गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला आहे आणि रोज सकाळी साडेआठला पाळीपाळीने मुलं नोंद करतात, कारण हवामान खात्याची वेळही तीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात ४०४७ चौरस मीटर. म्हणजे २५ मिलिमीटर, जुन्या मापात इंचभर, पाऊस पडला की एका एकरावर एक लाख लिटर पाणी आलं. आमच्या मुलांना टँकर माहीत आहे. दहा हजार लिटरचे दहा टँकर, तासाभरात, फुकट. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पन्नास वाघिणींची एक खेप साधारण २५ लाख लिटरची. हिशोब करा: पंचवीस एकर रानावर पडलेला इंचभर पाऊस म्हणजे पाण्याची ती अख्खी रेल्वे. हे फळ्यावर सुटतं तेव्हा वर्ग गप्प होतो. ती रेल्वे आली तेव्हा यांतली बहुतेक मुलं शाळेत होती, घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली आहेत. बांधबंदिस्ती, शेततळं, उताराला आडवी पेरणी हे शब्द त्यानंतर पाठ्यपुस्तकातले राहत नाहीत. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी सुचवलं होतं की, लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून जागोजाग बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल. मराठी साहित्याच्या मुलांना मी ते प्रकरण आमच्या बांधावर बसून वाचायला लावते.

आता खरा पेच. मृगात एक चांगली सर येते. पर्जन्यमापकात समजा ३० मिलिमीटर. मुलं अधीर. बियाणं आणून ठेवलेलं, पाभर तयार. मामा बांधावरून म्हणतात, “रान वल्लं दिसतंय वरून. खाली हात घालून बघा, पोरांनो.” मुलं उकरतात. वरची तीन-चार बोटं ओली, खाली धूळ. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. या आकड्यामागचं कारण त्या खड्ड्यात दिसतं. वरच्या ओलीवर बी उगवेल, मुळी खाली जाईल आणि तिथं तिला कोरडी माती भेटेल. मध्ये पंधरा दिवस उघडीप पडली तर सगळं कोमेजेल आणि दुबार पेरणी. बियाणं गेलं, मजुरी गेली, हंगामातले दिवसही गेले.

पण मग मामांच्या पलीकडच्या रानात त्याच दिवशी ट्रॅक्टर चालू असतो. मुलं विचारतात, “मॅडम, त्यांना हे माहीत नाही का?” त्यांना पुरतं माहीत आहे. ट्रॅक्टर गावात मोजके, आज पाळी आली, पुन्हा दहा दिवसांनी येईल. सोयाबीन लवकर निघालं तर त्याच रानात हरभरा वेळेवर पेरता येतो. आणि सलग पाऊस लागला तर चिखलात आऊत चालत नाही. फळ्याच्या दोन बाजूंना मी दोन्हीकडची कारणं लिहून घेते. अर्थशास्त्राची मुलं यात फार चांगलं बोलतात, कारण जोखीम, भांडवल आणि वेळ हे सगळं त्यांना यात सापडतं. शेतकरी अडाणी असतो म्हणून घाई करतो, असं मानणारं मूल त्या तासानंतर वर्गात उरत नाही. माझ्या लेखी हा सबंध सत्रातला सर्वांत मोलाचा तास.

पाऊस पुरेसा झाला तरी त्याच दिवशी पेरता येत नाही. वाफसा यावा लागतो. मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निघून जाऊन तिथं हवा शिरलेली असते आणि बारीक पोकळ्यांत पाणी टिकून असतं, ती अवस्था म्हणजे वाफसा. बीला पाणी हवं तसा श्वासही हवा. परीक्षा साधी: मूठभर माती घेऊन गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून सोडायचा. पडून फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन चिकटला तर अजून थांबा. गोळाच झाला नाही तर ओल गेली. यासाठी कुठलंच यंत्र लागत नाही. आमच्या मुली हे सगळ्यांत अचूक करतात. खुरपणीला आईबरोबर गेलेल्या हातांना मातीची ओल पटकन कळते.

बियाण्याचं मी जरा विस्ताराने शिकवते, कारण २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी ऑक्टोबरात पाऊस बसला, शेंगा भिजल्या आणि तेच दाणे पुढच्या वर्षी बियाणं म्हणून पेरले गेले. सोयाबीनच्या बीचं साल अतिशय पातळ. पोतं उंचावरून आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. म्हणून उगवणक्षमता घरी तपासायची: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर रांगेत मांडायचे, गुंडाळी करायची, ओल टिकवायची आणि आठवडाभरात चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं पेरायला योग्य. साठ ते सत्तरच्या मधे असेल तर बी वाढवून पेरायचं. साठच्या खाली असेल तर ते पेरूच नये.

‘एकरी तीस किलो बियाणं’ हा आकडा सगळ्या पुस्तिकांत असतो. तो कुठून आला, हे मुलांकडून काढून घेते. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन झाडांत ५ सेंटिमीटर. एकराच्या क्षेत्राला भागा: साधारण एक लाख ऐंशी हजार झाडं. शंभर दाण्यांचं वजन काट्यावर बघा, समजा १२ ग्रॅम. म्हणजे साडेएकवीस किलोच्या आसपास दाणे. पण शंभरातले सत्तरच उगवणार असतील तर? सत्तर टक्क्यांनी भागा: तीस किलोच्या थोडं वर. आकडा जागेवर येतो आणि वाणिज्य शाखेतला मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्यांदा हात वर करतो. ज्याला हे जमलं त्याला मोठ्या दाण्याच्या वाणाचं बियाणं वजनाने जास्त का लागतं, हे शिकवावं लागत नाही.

पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचायलाही शिकवते. पैदासकार बियाण्याला पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी. सोयाबीनचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून सरळ वाणाचं बी काही वर्षं घरचं ठेवता येतं. संकरित बियाणं मात्र दर वर्षी विकत घ्यावं लागतं, कारण त्याचे गुण पुढच्या पिढीत विस्कटतात. मेंडेलचे नियम बारावीत पाठ केलेल्या मुलांना त्यांचा बापाच्या खिशाशी असलेला संबंध इथं कळतो. १८ मे हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस, १९७२ सालचा. त्या सुमाराला तिथं खरीप मेळावा भरतो आणि विद्यापीठाच्या बियाण्याची विक्री सुरू होते. पहाटेपासून रांगा लागतात. शक्य झालं की मी मुलांना तिथं घेऊन जाते. एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ हे आकडे म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं केलेलं निवडीचं काम आहे, हे त्या रांगेत उभं राहिल्यावर पटतं.

पीक महिन्याचं झालं की एक रोप मुळासकट अलगद उपटायचं. मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी दिसतात. नखाने गाठ फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर कारखाना चालू आहे: रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला बांधून देत आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम बंद. हवेत ७८ टक्के नत्र असूनही पीक तो थेट घेऊ शकत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के म्हणजे पावणेएकवीस किलो नत्र असतो आणि तो कारखान्यात हवेतूनच बांधलेला असतो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. गोणीवरचे आकडे वाचता आले की ‘दोन पोती टाकली’ या वाक्याचा अर्थ लागतो, आणि गाठी गुलाबी असलेल्या पिकाला वरून युरियाचा भडिमार कशाला, हा प्रश्न मुलं आपणहून घरी विचारतात.

याच सुमाराला पानं पिवळी पडतात. कधी ना कधी पडतातच. मुलं लगेच म्हणतात, खत कमी पडलं. मी म्हणते, पिवळं कुठं आहे ते आधी सांगा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी. झाड जुन्या पानांतला नत्र काढून नव्याला देतं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. आमच्या चुनखडीच्या, सामू चढलेल्या जमिनीत लोह असतं, पण मुळाला घेता येत नाही, म्हणून पानांवर फेरस सल्फेट फवारतात. सखल भागातलं सगळं रोपच फिकट दिसत असेल तर पाणी साचलंय, मुळं गुदमरली आहेत. तिथं औषध एकच, चर काढून पाणी बाहेर. आणि पानावर हिरवी-पिवळी ठिगळं असतील तर तो पिवळा मोझॅक. तो विषाणू पांढरी माशी पसरवते, त्याला खत चालत नाही. रोगट झाड उपटून पुरायचं आणि पिवळे चिकट सापळे लावून माशीवर लक्ष ठेवायचं. २०२३ मध्ये लातूर भागात या रोगाने मोठं नुकसान केलं, तेव्हा घाबरून खतावर खत टाकणारे, औषधावर औषध फवारणारे लोक मी पाहिले. चारही वेळा रंग पिवळाच, आणि उपाय चार. पाहायला शिकणं हे शेतीचं पहिलं शास्त्र आहे असं मी मानते.

किडीच्या बाबतीतही तेच. आधी मोजायचं, मग फवारायचं. प्रत्येक किडीची एक आर्थिक नुकसानीची पातळी ठरवलेली असते. कापसाच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तर उपाय करा, असा नियम आहे. त्याखाली फवारणीचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त. २०२२ मध्ये आमच्याकडे शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रात्रीतून फस्त केलं होतं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधालगत टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या, हे काम सगळ्या आळीने मिळून केलं तरच उपयोगाचं.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण मात्र मी सत्राच्या पहिल्याच महिन्यात शिकवते. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्रिकोण वाचायला दहा मिनिटं लागतात. मुलांना सांगते, घरी जाऊन आधी गोठ्यातल्या, माळ्यावरच्या बाटल्या बघा, रिकाम्या बाटलीत कुणी तेल-पाणी भरत नाही ना ते बघा. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ, फवारून झाल्यावर अंघोळ. यात सूट नाही.

अवजारांवर मी फार वेळ घालवत नाही. पाभर, वखर, कोळपं, रुंद सरी-वरंब्याचं यंत्र, सगळं रानात दिसतं आणि मामा ते माझ्यापेक्षा चांगलं दाखवतात. खुरपणी मात्र प्रत्येकाने करायची, मुलांनीही. पेरणीनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे तण राहिलं तर उतारा घटतो, हे वाक्य दोन ओळी खुरपल्यावर पाठीत शिरतं. गावोगावी हे काम बायका करतात. त्यांतल्या फार थोड्यांचं नाव सातबाऱ्यावर असतं.

म्हणून सातबारा हा आमच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. प्रत्येकाने घरचा उतारा काढून आणायचा. सात म्हणजे हक्काची बाजू, बारा म्हणजे पिकांची. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पोटखराबा वेगळा, कर्जाचा बोजा, इतर हक्क. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पीक नोंदवायचं ठरलं. ही नोंद चुकली की हमीभावाची खरेदी आणि नुकसानभरपाई या दोन्हींत अडचण येते. गावात अनेकांना ते अॅप चालवता येत नाही. हे काम आमच्या विद्यार्थ्यांकडे आपसूक आलं आणि त्यांनी ते मनापासून केलं.

शेवटी रास होते आणि हिशोब सुरू होतो. ओलं सोयाबीन मोंढ्यात नेलं की आधी ओलाव्याचं यंत्र लागतं. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. १८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल वाळवून १२ टक्क्यांवर आणला तर किती उरेल? मुलं सहा वजा करून ९४ किलो सांगतात. कोरडा भाग ८२ किलो, तो ८८ टक्के व्हायला हवा, म्हणून सुमारे ९३. शंभर पोत्यांत या एका किलोचं पोतं होतं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला. समजा एकरी सात क्विंटल उतारा आला, तर ३७,२९६ रुपये. तोच माल गरजेपोटी ४२०० ने विकावा लागला, तर २९,४००. मधले जवळजवळ आठ हजार रुपये हे बहुतेक घरांत पुढच्या पेरणीचं बियाणं आणि खत असतं.

खर्चाची बाजू मुलांना स्वतः भरायला लावते. बियाणं, खत, औषध, नांगरट, मजुरी, मळणी हे सगळे लिहितात. मग मी विचारते, आईची मजुरी कुठं आहे? वडिलांची? स्वतःच्या जमिनीचा खंड? कृषी मूल्य आयोग हिशोबाच्या तीन पायऱ्या धरतो: रोख आणि प्रत्यक्ष खर्च, त्यात घरच्यांच्या मजुरीची भर आणि त्याही पुढे जमिनीचा खंड नि भांडवलावरचं व्याज. हमीभाव ठरवताना दुसऱ्या पायरीच्या दीडपट धरतात. शेतकरी संघटना तिसऱ्या पायरीची दीडपट मागतात. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत चाललेला हा वाद आमच्या मुलांना स्वतःच्या घरच्या वहीवरून समजतो. आईची मजुरी लिहिल्यावर नफ्याचा रकाना ज्यांच्याकडे उणे होतो, त्यांना मी काही समजावत नाही. तो हिशोब त्यांनी घरी दाखवावा, एवढंच सांगते.

सत्र संपलं तरी वेळ अमावस्येला, आमच्याकडच्या येळवसेला, मुलं आपापल्या रानात जातात. ज्वारी, हरभरा, करडई उभी असते, कोपीत पूजा होते, भज्जी आणि अंबील होतं. त्या दिवशी शहरातल्या मित्रांना सोबत न्या आणि एक झाड उपटून त्याची मुळं दाखवा, हा माझा त्यांना दिलेला स्वाध्याय आहे. हरभऱ्याच्या मुळांवरही गाठी असतात.

हे सगळं करायला मोठा खर्च येत नाही. पर्जन्यमापक, फावडं, खुरपी, वजनकाटा, गोणपाट, एक नोंदवही आणि दहा गुंठे जमीन. जमीन नसेल तर जवळच्या शेतकऱ्याला हंगामापुरती विनंती करावी. मदतीला मामांसारखी माणसं प्रत्येक गावात आहेत. ज्या प्राचार्यांना, प्राध्यापकांना हा विषय आपल्याकडे सुरू करायचा असेल, त्यांनी जूनची वाट पाहू नये. मातीचा नमुना मे महिन्यात, रान कोरडं असतानाच काढावा लागतो, आणि अहवाल पेरणीपूर्वी हातात हवा.